मनोराज्य, भान आणि नैराश्य

कल्पनेत रंगून जाण्याची ताकद सगळ्यांत सारखी नसते. बहुतेक माणसे दिवसातून अनेकदा क्षणभर हरवतात आणि आपोआप भानावर येतात. काही थोड्यांचा मात्र जागेपणीचा मोठा भाग मनोराज्यात जातो. त्यांना मनातला प्रसंग डोळ्यांसमोर दिसतो, त्यातले आवाज ऐकू येतात, कधी वासही येतो. सिनेमातला मार पाहून त्यांचे अंग दुखते, दुसऱ्याचे रडणे ऐकून त्यांना खरोखर हुंदका फुटतो. शेरिल विल्सन आणि थिओडोर बार्बर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा माणसांचे पहिले नीट वर्णन केले. ते संमोहनाचा अभ्यास करत होते. संमोहनाला उत्तम प्रतिसाद देणाऱ्या २७ स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्यावर त्यांच्या लक्षात आले की, त्यांतल्या २६ जणी लहानपणापासून कल्पनेच्या दुनियेत राहत आल्या आहेत आणि हे त्यांनी सहसा कोणाला सांगितलेले नाही. समाजात असे लोक सुमारे चार टक्के असावेत, असा त्यांचा अंदाज होता. या स्वभावविशेषाला कल्पनाप्रवणता म्हणता येईल. पुढे २००१ मध्ये हाराल्ड मेर्केलबाख आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी ‘हो-नाही’ उत्तरांची २५ प्रश्नांची छोटी प्रश्नावली तयार केली. आजचे बरेचसे संशोधन तिच्या आधारे होते.

कल्पनाप्रवणता हा आजार नाही, हे आधीच स्पष्ट करायला हवे. भ्रम झालेल्या माणसाला आपल्या मनातले बाहेर घडते आहे असे वाटते. कल्पनाप्रवण माणसाला, थांबून विचारले तर, हे आपण रचले आहे हे पक्के माहीत असते. असा स्वभाव घडण्याच्या वाटाही निरनिराळ्या असतात. कोणाच्या घरी आजी गोष्टी सांगते, बाहुल्यांशी आणि झाडांशी बोलणाऱ्या पोराला कोणी हसत नाही, उलट कौतुक करते. कोणाचे बालपण एकटे जाते. कोणाला मारझोडीतून आणि भीतीतून सुटण्यासाठी मनाच्या आत एक खोली बांधावी लागते. ज्युडिथ ऱ्ह्यू आणि स्टीव्हन लिन यांनी १९८० च्या दशकातच तीव्र कल्पनाप्रवण विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यांतले बरेच जण नीट शिकत होते, मित्रांत मिसळत होते. एका गटात मात्र एकटेपणा आणि बालपणीच्या कठोर शिक्षेच्या आठवणी जास्त होत्या. एकाच स्वभावामागे किती वेगवेगळी आयुष्ये असतात, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचे नैराश्याशी असलेले नाते समजत नाही.

नैराश्य म्हणजे चार दिवसांची उदासी नव्हे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसभर मन खिन्न राहणे, किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणे, हे त्याचे मुख्य लक्षण. त्याला झोप आणि भूक बिघडणे, थकवा, आपण नालायक आहोत असे वाटणे, लक्ष न लागणे, मरणाचे विचार येणे यांची जोड असते. पुणे जिल्ह्यातल्या मावळात घरची माणसे याचे वर्णन ‘कशात जीव रमत नाही’, ‘गप्प गप्प असतो’, ‘आपल्याच तंद्रीत असतो’ असे करतात. यांतले शेवटचे वाक्य घोटाळ्याचे आहे. तंद्रीत असलेला प्रत्येक माणूस नैराश्यात नसतो आणि नैराश्यात असलेल्याची तंद्री सुखाची नसते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर वीस प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी तरी नैराश्य आल्याचे दिसले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण हे प्रमाण इथे फार निराळे असेल असे मानायला काही कारण नाही.

एक साधा प्रसंग घेऊ. लोणावळ्याहून सकाळची लोकल सुटते. खिडकीशी बसलेला तरुण तळेगावच्या कारखान्यात कामाला जातो आहे. मळवली येते, डावीकडे कार्ल्याचा डोंगर, उजवीकडे लोहगड-विसापूर. त्याला काहीच दिसत नाही. तो मनात स्वतःचे हॉटेल काढतो आहे, पाटी रंगवतो आहे, पहिल्या दिवशी कोणाकोणाला बोलवायचे ते ठरवतो आहे. कामशेत, कान्हे, वडगाव कधी गेले ते कळत नाही, आणि तळेगावला उतरताना तो खुशीत असतो. दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तीच खिडकी. आज सुपरवायझर काल काय बोलला ते तो आठवतो आहे. मी तेव्हा गप्प का बसलो, मी नेहमीच असा का वागतो, माझ्याने काही होणारच नाही. चक्र फिरत राहते आणि स्टेशने आजही दिसत नाहीत. दोन्ही दिवशी लक्ष हातातून सुटलेले आहे; बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही तंद्र्या एकच दिसतील. पण पहिलीत कल्पना आहे, दुसरीत उगाळणे आहे. सुसान नोलन-होक्सेमा यांनी १९९१ पासून या उगाळण्याचा अभ्यास मांडला: आपल्या दुःखाची कारणे आणि परिणाम पुन्हा पुन्हा घोळवत राहणे, आणि त्यासाठी प्रत्यक्ष काहीच न करणे. अशी सवय असलेल्यांत खिन्नता जास्त काळ टिकते आणि नैराश्याचा धोका वाढतो, हे त्यांनी दाखवले. जेरोम सिंगर यांनी त्याआधीच दिवास्वप्नांचे तीन प्रकार सांगितले होते: आनंदी आणि रचनात्मक, अपराधी आणि खिन्न, आणि नुसतेच भरकटलेले लक्ष. मनाला त्रास होतो तो मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचा.

मग पहिल्या दिवसाचे हॉटेल निर्धोक आहे का? पूर्णपणे नाही. गॅब्रिएल ओटिंगेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे आढळले की, भविष्याची गोड चित्रे रंगवणाऱ्यांत त्या वेळी नैराश्याची लक्षणे कमी असतात, पण काही काळाने मोजली तर ती जास्त निघतात. याचा एक दुवा प्रयत्नात आहे. स्वप्नातच पोट भरले की हात कमी हलतात, हाती कमी लागते आणि मग निराशा येते. ‘मनातले मांडे’ खाणाऱ्याबद्दल मराठीत जी समजूत आहे, तिला या निष्कर्षांचा आधार मिळतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. नैराश्यात कल्पनाशक्ती वाढत नाही, ती एकांगी होते. एमिली होम्स आणि इतरांच्या कामातून दिसते की, नैराश्यग्रस्त माणसाला उद्याचा एखादा चांगला प्रसंग डोळ्यांसमोर आणायला सांगितला तर तो फिका, धूसर येतो. वाईट चित्रे मात्र न बोलावता, ठळक येतात. आठवणींचेही तसेच. मार्क विल्यम्स यांनी दाखवले की, अशा माणसाला एखादा विशिष्ट सुखाचा दिवस सांगा म्हटले तर तो ‘लहानपणी बरे होते’ एवढेच सांगतो. नेमका दिवस, नेमकी जागा हाती लागत नाही. म्हणून केवळ कल्पनाप्रवणतेचा आकडा पाहून नैराश्याचे भाकीत करता येत नाही. अभ्यासांमध्ये कल्पनाप्रवणतेचा विलगतेशी, म्हणजे स्वतःपासून आणि भोवतालापासून तुटल्यासारखे वाटण्याशी, ठळक संबंध सापडतो. नैराश्याशी तिचे नाते त्या मानाने सैल आहे.

ते घट्ट होते ते एका टोकाला. हैफा विद्यापीठाचे एली सोमर यांनी २००२ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले, जे रोज कित्येक तास गुंतागुंतीच्या कथानकांत बुडालेले असतात. त्यासाठी ते येरझाऱ्या घालतात, गाणी लावतात, आणि नोकरी, अभ्यास, नाती बाजूला पडतात. याला त्यांनी विघातक दिवास्वप्नांची अवस्था म्हटले. अधिकृत रोगसूचीत ती अजून नाही. २०१७ च्या एका अभ्यासात त्यांनी अशा ३९ जणांची तपासणी केली. त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांशांना नैराश्याचा विकार होता आणि तीन चतुर्थांशांहून अधिकांना अवधानाचा विकार होता. इथे कल्पना पळवाट बनलेली असते. बाहेरचे जग जितके कोमेजते तितकी आतली ओढ वाढते, आणि आत जितका वेळ जातो तितके बाहेरचे जग आणखी कोमेजते.

ही कोंडी लक्ष हातात घेऊन सोडवता येईल, असे मानणाऱ्या दोन परंपरांच्या खुणा मावळात एकमेकींपासून थोड्याच किलोमीटरवर आहेत.

पहिली खूण दगडात आहे. मळवली स्टेशनच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले, आणि कामशेतच्या पुढे पवन मावळाच्या वाटेवर बेडसे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून इथे बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदली गेली. कार्ल्याचा चैत्य देशातल्या खोदीव चैत्यांत सर्वांत मोठा मानला जातो आणि पाहणारे तिथेच थबकतात. पण या विषयाच्या दृष्टीने भाज्याच्या विहारातल्या खोल्या अधिक बोलक्या आहेत. माणूस जेमतेम आडवा होईल एवढी जागा, भिंतीला धरून कोरलेला दगडी ओटा, एक बुटके दार. चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा घाटमाथ्याचा पाऊस सुरू झाला की भिक्षूंचे फिरणे थांबे आणि वर्षावासाचे तीन महिने एके ठिकाणी जात. असा एकांत मनोराज्याला फार पोषक असतो. भिक्षूंच्या शिकवणीला याची पुरती जाणीव होती. सतिपट्ठान सुत्तातला अभ्यास सुरू होतो तो विचारांपासून नव्हे, तर शरीरापासून: श्वास लांब आहे की आखूड, आपण चालतो आहोत की उभे आहोत. त्यानंतर सुखदुःखाच्या संवेदना, मग मनाची अवस्था. मन पांगले असेल तर ‘पांगले आहे’ एवढे जाणायचे. त्याला शिक्षा करायची नाही. एका जाणिवेवर विचारांचे इमले कसे चढत जातात, याचेही विश्लेषण पाली ग्रंथांत आहे.

दुसरी खूण लोणावळ्यात आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), अमळनेरला शिक्षणाचे काम करून इथे आले आणि १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. योगक्रियांच्या परिणामांबद्दल श्रद्धेने बोलायचे नाही, मोजून बोलायचे, हा त्यांचा आग्रह होता. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना शरीराच्या पोकळ्यांतला दाब किती घटतो, क्ष-किरणांत काय दिसते, याचे प्रयोग त्यांनी त्या काळात केले. मनाबाबतही त्यांची दृष्टी तशीच होती. डॉ. एस. एल. विनेकर यांच्याबरोबर १९६३ मध्ये लिहिलेल्या योगोपचारावरील पुस्तकात त्यांनी योग्य मानसिक वृत्ती जोपासण्याला उपचारातली पहिली जागा दिली; आसन-प्राणायाम त्यानंतर.

कैवल्यधामात शिकवल्या जाणाऱ्या पातंजल योगसूत्रांत या विषयाची एक लक्ष वेधणारी मांडणी आहे. चित्ताच्या पाच वृत्तींत ‘विकल्प’ ही एक वृत्ती आहे: ज्याच्यामागे वस्तू नाही, नुसते शब्दच आहेत, असे ज्ञान. ती क्लेशकारकही असू शकते आणि क्लेशरहितही, म्हणजे कल्पना सरसकट दोषी नाही. पुढे चित्ताच्या विक्षेपाबरोबर येणारे चार सोबती सांगितले आहेत: दुःख, दौर्मनस्य म्हणजे खिन्नता, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास. खिन्नता आणि पांगलेले लक्ष एकत्र येतात, आणि त्यांची खूण शरीरात व श्वासात दिसते, ही नोंद आजच्या मानसोपचारालाही मान्य व्हावी. त्यावरच्या उपायांत श्वास सोडण्याचा आणि रोखण्याचा अभ्यास आहे, तसेच मैत्री आणि करुणेची भावनाही आहे.

या जुन्या अभ्यासाला दवाखान्यात आणले ते जॉन कबात-झिन यांनी. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्यांनी दीर्घ वेदना आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. ‘माइंडफुलनेस’ हा शब्द त्यानंतर घरोघरी पोचला. मराठीत सजगता, साक्षीभाव किंवा साधे ‘भान’ म्हटले तरी चालेल. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल यांनी तो वर्ग नैराश्यासाठी बेतला. त्यांचा विचार असा होता: एकदा नैराश्य येऊन गेलेल्या माणसाचे मन पुढे जराशा उदासीनेही जुन्या उगाळण्याच्या चाकोरीत शिरते. तेव्हा आजार उतरलेला असताना, मन चाकोरीत शिरते आहे हे ओळखायला शिकवले तर पुढचा झटका टळेल. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, ज्यांना आधी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते त्यांच्यात पुन्हा आजारी पडण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारात ६६ टक्के, तर या वर्गाची जोड दिल्यावर ३७ टक्के निघाले. ज्यांना दोनच वेळा येऊन गेले होते त्यांना मात्र फायदा दिसला नाही. विलेम कायकेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ४२४ रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीत हा वर्ग चालू औषधांपेक्षा सरस ठरला नाही. दोन वर्षांत पुन्हा आजारी पडलेले अनुक्रमे ४४ आणि ४७ टक्के होते. हा निकाल निराशाजनक नाही. वैद्यकीय देखरेखीखाली औषध कमी करू पाहणाऱ्याला एक सांभाळलेला मार्ग आहे, असा त्याचा अर्थ होतो.

सजगता नेमकी कुठे कामी येते, हे कळायला तिचे घटक सुटे करावे लागतात. रूथ बेअर यांनी २००६ मध्ये पाच घटक वेगळे काढले: निरीक्षण, अनुभवाला शब्द देणे, हातातले काम भानावर राहून करणे, आलेल्या विचाराला बरे-वाईट न ठरवणे, आणि त्याच्यामागे फरफटत न जाणे. यांतले भानावर राहणे आणि बरे-वाईट न ठरवणे हे दोन घटक नैराश्य कमी असण्याशी सातत्याने जोडलेले आढळतात. निरीक्षणाचे तसे नाही. ध्यानाचा सराव नसलेल्या लोकांत जास्त निरीक्षण करणारे जास्त सुखी नसतात. उलट त्यांच्यात विलगता आणि मनाच्या तक्रारी थोड्या अधिक सापडतात. सराव केलेल्यांत हे नाते उलटते. कल्पनाप्रवण माणसासाठी हा मुद्दा कळीचा आहे. त्याची जाणीव मुळातच तल्लख असते. रंग, आवाज, अंगावरचा काटा, सगळे त्याला इतरांपेक्षा जास्त जाणवते. त्याला आणखी बारकाईने पाहायला शिकवणे म्हणजे आधीच भरलेल्या हंड्यात पाणी ओतणे. त्याला कमी पडते ते परत येण्याचे वळण, आणि परत आल्यावर स्वतःला न झोडपण्याची सवय.

सरावात हे कसे दिसते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. डोळे मिटून श्वास पाहा म्हटल्यावर नवखा माणूस चार-पाच श्वास मोजतो आणि भाजीच्या हिशेबात शिरतो. कल्पनाप्रवण माणूस दुसऱ्याच श्वासाला श्वासाचे चित्र पाहू लागतो: छातीत प्रकाश शिरतो आहे, तो निळा आहे, तो वर चढतो आहे. त्याला वाटते ध्यान फार छान लागले. प्रत्यक्षात श्वास सुटलेला असतो आणि नेहमीचा चित्रपट सुरू झालेला असतो. जाणता शिक्षक अशा वेळी त्या अनुभवाचे कौतुक करत नाही आणि त्याची थट्टाही करत नाही. तो डोळे अर्धे उघडे ठेवायला सांगतो, टाचांखालची फरशी थंड आहे की कोमट ते विचारतो, उठवून सावकाश चालायला लावतो. नाकपुडीशी लागणारी हवा, मांडीवर ठेवलेल्या हाताचे वजन, अशा ज्या गोष्टी रचता येत नाहीत, नुसत्या जाणवतात, तिकडे लक्ष वळवतो. टीझडेल यांच्या वर्गात तीन मिनिटांचा एक छोटा सराव आहे. आधी मनात आत्ता काय चालले आहे ते ओळखायचे, मग लक्ष श्वासावर गोळा करायचे, मग ते सगळ्या अंगावर पसरू द्यायचे. लोकलमधल्या त्या तरुणाला हे मळवली ते कामशेतच्या दरम्यान करता येते. हॉटेलचे स्वप्न त्याने टाकून द्यावे असे त्यात कुठे नाही. ‘मी स्वप्न पाहतो आहे’ हे त्याला स्वप्न चालू असताना कळले की तो ते पुढे नेऊ शकतो, थांबवू शकतो, किंवा वहीत जागेच्या भाड्याचा आकडा लिहू शकतो. सुपरवायझरच्या बोलण्याचेही तसेच: ‘माझ्याने काही होणार नाही’ हे सत्य नसून डोक्यातून जाणारे एक वाक्य आहे, हे दिसले की त्याचा डंख उतरतो.

विघातक दिवास्वप्नांवर ही पद्धत थेट वापरूनही पाहिली गेली आहे. ओरेन हर्स्कू, सोमर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ३५३ जणांची यादृच्छिक निवडीची चाचणी प्रसिद्ध केली. इंटरनेटवरून सजगतेचे शिक्षण आणि दिवास्वप्नांची स्वतः ठेवलेली नोंद, असा तो उपचार होता. तो घेणाऱ्यांची दिवास्वप्ने कमी झाली आणि रोजचे व्यवहार सुधारले. कधी, किती वेळ आणि कशाने सुरुवात झाली याची वही ठेवल्याने बहुतेकांना पहिल्यांदा आपल्या सवयीचा आकार कळतो. क्षेत्र तरुण आहे आणि अशा चाचण्या अजून मोजक्याच आहेत.

सावधगिरीही हवी. दीर्घ मौनाच्या शिबिरांत काही जणांना भीती, जुन्या आघाताच्या आठवणी किंवा स्वतःपासून तुटल्यासारखे वाटण्याचे अनुभव येतात. विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांनी २०१७ मध्ये अशा अनुभवांची पद्धतशीर नोंद केली. बालपणीच्या मारझोडीतून मनोराज्यात गेलेल्या माणसाला हा धोका अधिक असू शकतो, कारण त्याने बांधलेली आतली खोली हेच त्याचे संरक्षण असते. इगतपुरीच्या धम्मगिरीसह विपश्यना केंद्रांतल्या दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात म्हणूनच मानसिक आजाराची माहिती विचारतात, आणि गंभीर आजार असलेल्यांना शिबिराची शिफारस करत नाहीत. ती माहिती लपवू नये. तीव्र नैराश्याच्या भरात दीर्घ ध्यानाला बसणे हिताचे नसते. त्या काळात औषध, समुपदेशन, झोप आणि माणसांची सोबत आधी. योग किंवा ध्यान सुरू केले म्हणून चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी बोलावे. पुणे जिल्ह्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात उपचार मिळतात, आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. त्यावर दिवसरात्र केव्हाही मराठीतून बोलता येते.